दोन मिनिटं अकरा सेकंद

आईने माझ्या वर्गातल्या झिपरीला ‘बाळ’ म्हटलं, तेव्हा मी कॉलेजातल्या एडिटिंगच्या खोलीत एकटीच बसले होते. खोली कसली, जिन्याखालची अडगळ रिकामी करून तिथे दोन कॉम्प्युटर मांडले होते, एवढंच. हेडफोनचा डावा कान मधूनच बंद पडायचा, म्हणून मी तो तळहाताने दाबून धरला होता. आईच्या मुलाखतीची फाईल सत्तेचाळीस मिनिटांची होती. सगळं सलग ऐकायचा कंटाळा आला आणि मी शेवटाकडे कुठेतरी क्लिक केलं. आईचा आवाज आला, “थांब बाळ, आधी पाणी पी.” मग ग्लास ठेवल्याचा आवाज. मग बराच वेळ काहीच नाही, फक्त आमच्या स्वयंपाकघरातल्या पंख्याची करकर. मी थांबवलं, मागे नेलं आणि पुन्हा ऐकलं. बाळ. मला आई नावाने हाक मारायची, तीही दिवसातून एखाददोन वेळा. चिडली की पूर्ण नावाने. बाळ म्हटलेलं मला आठवेना. मी फार लहान असताना म्हटलं असेलही, पण ते मला माहीत नाही. आणि जे मला माहीत नाही ते माझं कसं म्हणायचं? मी हेडफोन काढले आणि पुन्हा लावले.

माझी आई एका मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर. बावीस वर्षं तिने एकच काम केलं. तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत, डोक्याला हेडसेट लावून, दिवे लुकलुकणाऱ्या बोर्डसमोर बसायचं आणि म्हणायचं, “नमस्कार, बोला.” दिवसाला तीनशे, कधी चारशे वेळा. घरी आली की ती बोलायची नाही. चपला काढतानाच एक हात वर करायची, म्हणजे आत्ता काही विचारू नकोस. मान हलवून हो, भुवया उडवून का, ओठ काढून माहीत नाही. बाकीचं सगळं हॉस्पिटलातून आणलेल्या रद्द स्लिपांच्या मागे लिहून ओट्यावर ठेवलेलं असायचं. ‘जेवण झाकलंय.’ ‘गणिताची वही दाखव.’ ‘खिडकी लाव, पाऊस येईल.’ मैत्रिणींच्या आया ओरडायच्या, टोमणे मारायच्या, एकच गोष्ट दहादा सांगायच्या, आणि मैत्रिणी कंटाळायच्या. मला त्यांच्या घरी बसायला आवडायचं. बाबा गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते. त्यानंतर वर्षभर मी शेजारच्या काकूंच्या फोनवरून दुपारी हॉस्पिटलचा नंबर फिरवायची. “नमस्कार, बोला,” आई म्हणायची. मी श्वास धरून गप्प. “बोला ना, ऐकतेय मी.” किती मऊ म्हणायची! मग मी फोन ठेवायची. कुठल्यातरी अनोळखी माणसाला ती म्हणत होती, ऐकतेय मी. तो अनोळखी माणूस व्हायला माझी तयारी होती.

अकरावीला मी माध्यम अभ्यास हा विषय घेतला, तो हुशार मुलींनी घ्यायचा नसतो असं सगळे सांगत असताना. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी एकाच अपघाताच्या तीन पेपरांतल्या तीन बातम्या कापून आणल्या आणि फळ्यावर डकवल्या. एकीत ट्रकचा दोष होता, एकीत रस्त्याचा, एकीत मेलेल्या बाईचा. “आता सांगा, खोटं कोण बोलतंय?” मॅडमनी विचारलं. खोटं कुणीच बोलत नव्हतं. तिन्ही खऱ्या होत्या. मला हे इतकं आवडलं की त्या रात्री मी घरातला रद्दीचा गठ्ठा सोडून बसले. मॅडम बुटक्या, घसा बसलेल्या, पूर्वी कुठल्याशा रेडिओवर काम केलेल्या. कापणं आणि जोडणं शिकवताना त्या म्हणाल्या होत्या, “कात्री ज्याच्या हातात, त्याने आधी हात धुवावेत.” सगळे हसले. मी वहीत लिहून घेतलं. मी सगळंच लिहून घ्यायची. वर्गात माझा पहिला नंबर ठरलेलाच होता. झिपरी माझ्या शेजारी बसायची ती माझ्या वहीसाठी, असं मी धरून चालले होते. तिचे केस कधी विंचरलेले नसत, म्हणून झिपरी. ती उशिरा यायची, तोंडात घास घेऊन बोलायची, आणि समोर येईल त्याला वाट्टेल ते विचारायची. शिपायाला विचारायची, तुम्ही रोज घंटा देता, तुम्हाला कधी पाच मिनिटं आधी द्यावीशी नाही का वाटत? आणि शिपाई चक्क थांबून उत्तर द्यायचा.

वर्षाचा मोठा प्रकल्प होता मुलाखतीचा. पाच मिनिटांची आवाजाची गोष्ट, एखाद्या काम करणाऱ्या माणसाची. नियम दोन. एक, स्वतःच्या घरातल्या माणसाची मुलाखत घ्यायची नाही. जोडीदाराच्या घरी जायचं. दोन, रेकॉर्डिंग एकाने करायचं, एडिटिंग दुसऱ्याने, आणि मार्क मुलाखत घेणाऱ्याला. म्हणजे झिपरी माझ्या आईशी बोलणार आणि ते मी कापणार. मी तिच्या वडिलांशी बोलणार, तिचे वडील लिफ्ट दुरुस्त करायचे, आणि ते ती कापणार. प्रश्नांची यादी दोन्हीकडची मीच केली. झिपरीला यादी वगैरे जमत नव्हतं. शेवटचा प्रश्न लिहिताना मी बराच वेळ पेन चावलं होतं. ‘एखादा कॉल असा आहे का, जो आपण घ्यायला नको होता असं वाटतं?’ मला तो फार भारी वाटला होता. मॅडमना आवडेल म्हणून लिहिला होता. आई काय उत्तर देईल याचा मी एकदाही विचार केला नाही. रेकॉर्डिंगच्या दिवशी झिपरीने मला घराबाहेर काढलं. “तू असलीस की काकू तुझ्याकडे बघत बोलतील.” मी जिन्यात बसले. दारामागून आई हसल्याचा आवाज आला, मोठ्याने, घसा मोकळा सोडून. वरच्या मजल्यावरच्या आजी उतरताना थांबल्या आणि म्हणाल्या, “कोण आलंय गं तुमच्याकडे?” मी म्हटलं, “कुणी नाही, कॉलेजचं काम आहे.”

तर त्या जिन्याखालच्या खोलीत मी फाईल चार मिनिटं मागे नेली. आधी गमतीजमती होत्या. एक लहान मुलगी रोज फोन करून म्हणायची, आमचे आजोबा द्या. कुठले आजोबा? खोकणारे. आई ते मुलीच्या आवाजात करून दाखवत होती. आईला नकला येतात हे मला सतराव्या वर्षी, हेडफोनमधून कळलं. मग झिपरीने माझा प्रश्न विचारला. यादीतल्यासारखा नाही, तिने तो तिच्या पद्धतीने मोडून टाकला होता. “काकू, असा एखादा फोन आला का हो, की वाटलं, का उचलला मी?” पंख्याची करकर. मग आईचा आवाज, बोर्डवरचाही नाही आणि घरातलाही नाही. “एक आहे. दुपारी सव्वादोनला आला. कागदाच्या गोदामातून. म्हणाला, थप्पी कोसळलीय, माणूस खाली आहे, गाडी पाठवा. मी नाव विचारलं. विचारावं लागतं, स्लिपवर लिहायचं असतं. त्याने नाव सांगितलं. माझ्याच नवऱ्याचं. मी लिहिलं. अक्षर बघ, अजून आठवतंय, नीट आलं होतं. पत्ता विचारला. मला पाठ होता तो पत्ता, तरी विचारला. गाडीवाल्यांना जोडून दिलं. जोडीची बाई जेवायला गेली होती, बोर्डवर मी एकटी. मग पुढचा दिवा लागला. मी घेतला. नमस्कार, बोला. कुणीतरी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ विचारत होतं. मी सांगितली. त्यानंतर अजून दोन घेतले. तीन कॉल, बाळा. तीन कॉल घेतले मी, आणि मग उठले. आता कुणाला सांगू, की मला उठताच येत नव्हतं? वाटत होतं, हेडसेट काढला तर ते खरं होईल.” मग काहीच नाही. मग, “थांब बाळ, आधी पाणी पी.” दोन मिनिटं अकरा सेकंद.

मी काय केलं ते जसंच्या तसं सांगते. मी रडले नाही. डोळ्यांसमोर बाबा आले नाहीत, ती बिनखिडकीची खोलीही आली नाही. मला एवढंच दिसलं की आमच्या ओट्याशी, माझ्या स्टुलावर, झिपरी बसलीय, केस पिंजारलेले, पाय हलवतेय, आणि आई तिला हे सांगतेय. अकरा वर्षं मी त्या घरात होते. अकरा वर्षं स्लिपा वाचत होते. बाबा कसे गेले याबद्दल मला एकच वाक्य माहीत होतं, ‘गोदामात अपघात झाला’, आणि त्यापुढे काही विचारायचं नसतं हे मला आईच्या वर केलेल्या हाताने शिकवलं होतं. आणि ही पोरगी एका दुपारी आली, माझाच प्रश्न घेऊन आली, आणि घेऊन गेली. प्रश्न माझा होता! हे मी स्वतःशी मोठ्याने म्हटलं बहुतेक, कारण पलीकडच्या कॉम्प्युटरवर येऊन बसलेल्या मुलाने वळून बघितलं. मी तो भाग पुन्हा ऐकला. नऊ-दहा वेळा तरी ऐकला असेन. प्रत्येक वेळी ‘बाळा’पाशी थांबवायचं आणि मागे न्यायचं. मग मी सुरुवातीला खूण केली, शेवटी खूण केली, उचललं आणि माझ्या स्वतःच्या फोल्डरमध्ये टाकलं. नाव काय द्यावं कळेना, म्हणून ‘नको’ असं दिलं. उरलेल्यात आजोबा होते, पोटदुखीचं सगळं वर्णन ऑपरेटरलाच सांगणारा माणूस होता, शेवटी आई “नमस्कार, बोला” म्हणते तेही होतं. पाच मिनिटं छान झाली. हलकीफुलकी.

दुसऱ्या दिवशी झिपरीने डब्याचं झाकण उघडताना विचारलं, “काकूंचं झालं?” मी म्हटलं, झालं, पण शेवटच्या भागात खरखर आहे, वापरता येणार नाही. ती चावायची थांबली. “कुठल्या भागात?” “तोच, तो फोनचा.” ती माझ्याकडे बघत राहिली. असं थांबून बघणं तिच्या स्वभावात नव्हतंच कधी. “पण मी हेडफोन लावून ऐकत होते गं, तेव्हा तर—” “मशीनमध्ये आली असेल.” “मग मी पुन्हा जाऊ का काकूंकडे?” “नको,” मी इतक्या जोरात म्हटलं की पुढच्या बाकावरची वळली. “नको, तिला त्रास होतो.” झिपरीने मान हलवली. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, “तुला माहीतच असेल म्हणा ते सगळं.” “हो,” मी म्हटलं, “माहीत आहे की. घरातलंच आहे.” हे खोटं मला पहिल्या खोट्यापेक्षा गोड लागलं. निदान तिच्या डोळ्यांत तरी मी आईच्या जवळची झाले. त्याच दिवशी तिने मला तिच्या वडिलांचं एडिट ऐकवलं. माझे लांबलचक, पुस्तकी प्रश्न तिने काढून टाकले होते. जिथे मी गोंधळले होते ती जागा जोडून घेतली होती. आणि तिचे वडील म्हणतात की मी दिवसभर लोकांना वर पाठवतो पण आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, तिथे त्यांचं हसू तिने पूर्ण संपू दिलं होतं. मी चांगली वाटत होते त्यात. शहाणी, ऐकून घेणारी. मला तिचा आणखीच राग आला.

घरी मी आईवर पाळत ठेवू लागले. ती भाजी चिरताना, केस पुसताना, स्लिपा लिहिताना मी बघत बसायची आणि मनात म्हणायची, सांग. आता मला सांग. एकदा तिने विचारलंसुद्धा, “झालं का तुमचं ते?” आपणहून विचारलं, तोंडाने. मी म्हटलं, “होतंय.” ती माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली, पुसलेलाच ओटा परत पुसला आणि म्हणाली, “ती मुलगी चांगली आहे.” झालं. मी उठून आत गेले. पलंगावर पडून मी ठरवलं की शनिवारी वर्गात सगळ्यांच्या गोष्टी ऐकायला मॅडमनी आईला बोलावलंय, तर तिला यायला जमणार नाही असं कळवायचं. पण आईने आधीच रजा टाकली होती. आजवर माझ्या शाळेच्या एकाही कार्यक्रमाला तिने रजा टाकली नव्हती.

शनिवारी सकाळी वर्गाचे पडदे ओढून घेतले होते. मुलाखत दिलेली माणसं मागच्या खुर्च्यांवर बसली होती. एक न्हावी, एक परिचारिका, चष्म्याच्या काचा घासणारे एक आजोबा, झिपरीचे वडील. आई ठेवणीतले कपडे घालून आली होती आणि मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून बसली होती. लिफ्टची गोष्ट आधी झाली. मॅडम बसल्या घशाने म्हणाल्या, “वा,” आणि मला वीसपैकी अठरा दिले. मग आईचा आवाज सुरू झाला. खोकणाऱ्या आजोबांना लोक खदखदून हसले. मी मागे वळून बघितलं. आई हसत नव्हती. ती जरा पुढे झुकून बसली होती, अंग आवळून, इंजेक्शनच्या आधी बसतात तशी. पुढचा किस्सा आला, लोक हसले, तिने पर्स आणखी घट्ट धरली. ती वाट बघत होती. ते येणार, इतक्या लोकांत येणार, आणि ते ऐकायला ती रजा टाकून, चांगले कपडे घालून आली होती. मला उठून काहीतरी बंद करावंसं वाटलं, पण बंद काय करणार, जे नव्हतंच ते? “नमस्कार, बोला,” आईचा आवाज म्हणाला आणि संपलं. टाळ्या. आईचे हात पर्सवरून सुटले. तिचा चेहरा मी नीट बघितला. सुटल्यासारखा नव्हता तो. फोन मधेच तुटल्यावर माणूस रिसीव्हरकडे बघतो तसा होता. मॅडम झिपरीला म्हणाल्या, “हसवलंस छान. पण ही बाई काहीतरी सांगायच्या बेतात होती आणि तू तिला सोडून पळालीस. तेरा.” झिपरीने मान खाली घातली. माझ्याकडे बघितलंही नाही.

व्हरांड्यात ती आईजवळ आली. “काकू, तो फोनचा भाग… मशीनमध्ये खरखर आली. माझ्याकडूनच चुकलं काहीतरी.” “खरखर,” आई म्हणाली. बावीस वर्षं तारांतली खरखर ऐकलेली बाई. तिने झिपरीच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मग आम्ही दोघी बसथांब्यापर्यंत चालत गेलो. ऊन चांगलंच वर आलं होतं. थांब्यावर कुणी नव्हतं. आई बाकावर बसली. हात वर केला नाही. “ऐकलंस ना तू ते?” ती म्हणाली.

“हो.”

“मग?”

मला खोटं सुचेना. “तिला सांगितलंस,” मी म्हटलं. “मला कधीच काही सांगितलं नाहीस, आणि तिला सांगितलंस.”

“तिला कशाला सांगू? तिचं काय त्यात?” आईचा आवाज चढला, रस्त्यावरचा एक माणूस वळून बघत गेला. “ती आल्या आल्या म्हणाली, काकू, मी नुसतं घेणार, ऐकून कापायचं काम तुमच्या मुलीचं. म्हटलं, बरं झालं. समोर बसून मला जमत नाही. अकरा वर्षं बघतेय, जमत नाही. फोनवर जमतं. म्हणून त्या यंत्राला सांगितलं. तू ऐकशील म्हणून.”

बस आली, थांबली, गेली. आम्ही दोघीही उठलो नाही. मी जे विचारायला नको होतं तेच विचारलं. “तिला बाळ का म्हणालीस?”

आईला आधी कळेचना मी काय म्हणतेय ते. मग ती म्हणाली, “अगं, रडायला लागली ती. हुंदकेसुद्धा देत नव्हती, रेकॉर्डिंग बिघडेल म्हणून तोंडावर हात धरून रडत होती. मग काय म्हणायचं?” आणि जरा थांबून, माझ्याकडे न बघता, “तू ऐकलंस तेव्हा काय केलंस?”

“कापलं.”

“हं,” आई म्हणाली. “मीही पुढचा कॉल घेतला.” तिने माझा हात घेऊन स्वतःच्या पर्सवर ठेवला आणि त्यावर आपला ठेवला. तो गार होता, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान. तेवढ्या वेळातही माझ्या मनात आलं की झिपरी तोंड दाबून रडली होती आणि हेडफोनमध्ये मला ते ऐकूसुद्धा आलं नव्हतं.

सोमवारी मी मॅडमना ‘नको’ ऐकवलं आणि तो भाग मीच कापला, खरखर नव्हतीच, हे सांगितलं. त्या मला रागावल्या नाहीत. झिपरीचे तेराचे एकोणीस केले, माझे अठराचे नऊ, आणि म्हणाल्या, “हे वर्गात वाजवायचं नाही. हे तुमच्या घरी ने.” झिपरीला मी तिच्या बाकाशी जाऊन सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. “काकूंचं नाही वाजवलंस त्याचं काही नाही,” ती म्हणाली. “ते तुमचं होतं. पण मला वाटलं, मलाच रेकॉर्ड करता येत नाही. दोन रात्री मी ते मशीन उघडून बसले होते.” नंतर ती माझ्या शेजारी बसली नाही. बारावीतही नाही. खिडकीजवळच्या मुलींत बसायची आणि त्यांना हसवायची.

आमच्या घरी मात्र ती येते. आईच्या सुट्टीच्या दिवशी, सांगूनसवरून, माझ्यासाठी नव्हे. दोघी ओट्याशी बसतात. आई नकला करते, झिपरी तोंडात घास घेऊन काहीबाही विचारते. आईचा घसा आता दिवसभरानंतरही बराच वेळ चालतो, माझ्याशीसुद्धा. मला ती बाबांचं सांगते, तुकड्यातुकड्यांनी, कधी भांडी विसळताना पाठमोरी राहून, आणि मी विचारते, आणि ती सांगते. तरी त्या दोघींचं हसू ऐकलं की मी हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहते. आई सरकून जागा करते. मी बसते, पण बसण्याआधी, कितीही नको म्हटलं तरी, झिपरी आईपासून किती हातांवर बसलीय ते डोळ्यांनी मोजून घेते.